वरळीचा मनोरा कुठवर पोचला : मुंबई दूरदर्शनच्या इतिहासाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

कामाला सुरुवात. मुंबई दूरदर्शन केंद्राचा इतिहास तारखांसकट एका जागी आणायचा, एवढाच हेतू. आम्ही तिघं आहोत. एक मैत्रीण ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळणार, एक मित्र जुन्या कॅसेटी बघणार, आणि लिहायचं माझ्या गळ्यात.

सांगाडा आज उभा केला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, देशातलं दुसरं. मधली तेरा वर्षं हिंदुस्थानात टीव्ही म्हणजे फक्त दिल्ली. मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा टीव्ही आकाशवाणीच्याच छपराखाली होता. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन वेगळं निघालं. जाहिराती त्याच वर्षी १ जानेवारीपासून आल्या होत्या.

या केंद्राबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींचं असतं. 'गजरा', 'किलबिल', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती आमची माणसं', चिमणराव-गुंड्याभाऊ झालेले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. स्मिता पाटील जीन्सवर साडी गुंडाळून बातम्या वाचायच्या, हा किस्सा तर प्रत्येक लेखात हजेरी लावतो. वाचायला गोड वाटतं, पण त्यातून केंद्र कसं चालायचं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक कार्यक्रमासाठी चार रकाने केले: कधी लागला, कोणी केला, किती लांब दिसला, आज काय उरलंय. तिसऱ्या रकान्याची सवय कुणालाच नाही. मित्र म्हणाला, "दिसला म्हणजे? महाराष्ट्रात दिसला." बघू.

९ जून

तिसरा रकाना भरायला घेतला आणि लगेच पुण्याला जावं लागलं. कागदावरच.

टीव्हीचं चित्र वाहून नेणाऱ्या व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मुंबई केंद्राचा वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच, मुंबईच्या सपाटीवर चांगलाच दूर दिसणारा. पण पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. घाटाच्या पलीकडे वरळीचं चित्र सरळ जाणं शक्यच नव्हतं. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं, म्हणजे मुंबईचं चित्र घेऊन पुढे पाठवणारं. सिंहगडच का, याचं उत्तर गडावर उभं राहिलं की मिळतं: समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास उंची आणि खाली पुण्याचं अख्खं पठार उघडं. तानाजीच्या गडावर मनोरा उभा राहिला त्याबद्दल आजही काहींना वाईट वाटतं. ते समजण्यासारखं आहे. पण पुणेकरांच्या घरात 'गजरा' आला तो त्याच मनोऱ्यावरून.

तर सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शन म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे आणि त्यांच्या अवतीभवतीचा पट्टा. कोल्हापूर, औरंगाबाद, नांदेड, अमरावती, रत्नागिरी, सगळे बाहेर. ज्याला आपण 'महाराष्ट्राचं बालपण' म्हणून सांगतो ते दोन शहरांचं बालपण होतं.

ही ओळ प्रस्तावनेत टाकायची की नाही यावर वाद झाला. टाकायची.

१० जून

पुण्याचाच एक धागा राहिला होता. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टीव्ही प्रशिक्षणाचा विभाग दिल्लीहून १९७४ मध्ये आला आणि ती एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, झाली. देशभरातल्या केंद्रांची माणसं शिकायला पुण्यात यायला लागली. वेगळं प्रकरण होईल एवढा ऐवज आहे, पण आत्ता नाही.

१८ जून

मैत्रिणीनं वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांतून 'आजचे टीव्ही कार्यक्रम' हा कोपरा उतरवायला सुरुवात केली आहे. पानाच्या तळाशी, सिनेमाच्या जाहिरातींना खेटून, बारीक टायपात. कार्यक्रमाचं नाव अर्धवट छापलेलं, कधी नुसतं 'नाट्य' नाहीतर 'कामगारांसाठी'. खंडाची शिवण घट्ट असली की आतल्या बाजूची वेळ घडीत जाते. अशा ठिकाणी ती पान न ताणता आरसा धरून वाचते. ग्रंथपालांना हा प्रकार फार आवडलाय.

या कोष्टकांवर भिस्त ठेवायची, पण आंधळी नाही. कोष्टक म्हणजे आदल्या दिवशीचा बेत. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळच्या अंकात संध्याकाळचे नेहमीचे कार्यक्रम छापलेले असणार, आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतर त्या संध्याकाळी त्यातलं काही लागलं नाही. म्हणून नोंदवहीत 'जाहीर' आणि 'प्रत्यक्ष' अशा दोन खुणा ठेवल्या. 'प्रत्यक्ष' म्हणायला दुसरा पुरावा लागेल: कॅसेट, दुसऱ्या दिवशीची बातमी, नाहीतर वाचकांच्या पत्रव्यवहारातली तक्रार. तक्रारी भरपूर सापडतात. मराठी प्रेक्षक त्या बाबतीत पहिल्यापासून जागरूक.

कोष्टकांत भाषेची सरमिसळही दिसते. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजी. तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' इथलंच, १९७२ पासूनचं. गुजरातीत मुलांसाठी 'संताकूकडी'. 'छायागीत' तर सगळ्यांचंच. मुंबई केंद्र मराठीचं होतं तसं मुंबईचंही होतं, आणि हे दोन्ही एका संध्याकाळच्या मोजक्या तासांत बसवायचं होतं. मराठीला कमी वेळ मिळतो म्हणून कुरकुर आणि गुजरातीला कमी मिळतो म्हणून कुरकुर, एकाच पानावर.

२६ जून

आज एका निवृत्त छायाचित्रणकारांकडे गेलो. सत्तरच्या दशकात बातम्यांसाठी फिल्मवर चित्रण करायचे. नाव लिहू नकोस म्हणाले, म्हणून इथे नुसतं काका.

त्यांनी पहिल्यांदा एक रिकामा डबा हातात दिला. शंभर फुटी, सोळा मिलिमीटरचा. "यात किती वेळ मावतो सांग." शंभर फुटांत चार हजार चौकटी, सेकंदाला पंचवीस धरल्या तर एकशेसाठ सेकंद. दोन मिनिटं चाळीस. एका कार्यक्रमाला बहुधा एकच डबा मिळायचा. मंत्र्यांचं भाषण तासभराचं असो की दहा मिनिटांचं, हातात तेवढेच सेकंद.

मग ते कसे खर्च करायचे याचा पाठ झाला. आधी व्यासपीठ लांबून, सात-आठ सेकंद. मग बोलणारा. मग गर्दी, आणि गर्दीत एखादा चेहरा जवळून, कारण संकलकाला जोडायला तुकडा लागतो. टाळ्यांसाठी थोडं राखून ठेवायचं. "हार घालतात तेव्हा मी कॅमेरा बंद ठेवायचो. हार सगळ्यांचे सारखेच. हार घातल्यावर माणूस तो काढून कुठे ठेवतो ते घ्यायचं." काही कॅमेऱ्यांना चावी द्यावी लागायची, आणि चावी एका दमात अर्ध्या मिनिटापेक्षा फार चालायची नाही. त्यामुळे लांबलचक शॉटचा प्रश्नच नव्हता. आवाजही बहुतेक वेळा नसायचा. चित्र मुकं, वर निवेदकाचा आवाज.

तिथून वरळी. फिल्म धुवायची, वाळवायची, कापायची, जोडायची, आणि हे सगळं बातम्यांच्या आत. रिव्हर्सल फिल्म, म्हणजे कॅमेऱ्यातून निघाली तीच धुतल्यावर थेट दाखवायची. निगेटिव्ह वेगळी नाही, त्यामुळे प्रतही नाही. जे दाखवलं तेच एकमेव, आणि त्यालाच कात्री लागलेली. चौथ्या रकान्यात सत्तरच्या दशकासमोर इतकं कमी का येतं, त्याचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

निघताना मी विचारलं, संपाच्या, मोर्च्यांच्या दिवसांत काय घ्यायचात? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा केंद्राच्या चहूबाजूंना गिरण्याच होत्या. काका हसले. "घ्यायचो सगळंच. लावायचं काय ते मी ठरवत नव्हतो." याहून जास्त बोलले नाहीत आणि मीही ताणलं नाही.

५ जुलै

उरलेलं निम्मं उत्तर टेपांचं. थोडक्यात:

सुरुवातीला स्टुडिओतले बरेच कार्यक्रम थेट जायचे. ध्वनिचित्रमुद्रण व्हायचं ते दोन इंची टेपवर. यंत्र कपाटाएवढं, रीळ उचलताना दोन्ही हात लागणार, किंमत परकीय चलनात. मग पाऊण इंची यू-मॅटिक आली. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची. ब्रिटनपासून जपानपर्यंत बऱ्याच सार्वजनिक प्रक्षेपकांनी हेच केलं आहे. तेव्हा कार्यक्रम म्हणजे नाटकाच्या प्रयोगासारखी गोष्ट होती, झाला की झाला. पुन:प्रक्षेपणातून पैसा मिळतो हे नंतर कळलं.

जपलेल्या टेपांनाही शांतता नाही. फितीवरचा चिकट थर दमट हवेत पाणी ओढतो आणि फीत यंत्राच्या हेडला चिकटते. उपाय म्हणून ती मंद उष्णतेत, पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसला काही तास तापवतात आणि मग लगेच उतरवून घेतात. चालवायला यू-मॅटिकचं यंत्र हवं, ते आता नवं कुठेच बनत नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं जुन्या संग्रहातलं बरंच डिजिटल करून खुलं केलं आहे, दूरदर्शनच्या 'सह्याद्री' या मराठी वाहिनीच्या यूट्यूबवर जुने कार्यक्रम लागतात. आमच्या चौथ्या रकान्यात 'उपलब्ध' लिहिता येतं ते त्यामुळेच.

१३ जुलै

एका घरातून व्हीएचएस कॅसेटींचं खोकं आलं. टीव्हीवरून मुद्रित केलेल्या. बहुतेकांच्या लेबलवर 'शनिवार मराठी सिनेमा' एवढंच, एकावर 'बारसं + बातम्या'. ती आधी घेतली.

बुरशी होती. कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी नक्षी दिसत होती. अशी कॅसेट सरळ यंत्रात घातली तर यंत्र जातं आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागण होते. मित्रानं मागचे पाच स्क्रू काढून कवच उघडलं, दोन्ही चाकं बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलं केलेलं बिनधाग्याचं कापड बोटांत धरून फीत हातानं एका चाकावरून दुसऱ्यावर घेतली. नाकाला फडकं बांधून, खिडक्या उघड्या ठेवून. मग नव्या कवचात. व्हीएचएसचा साधा आवाज फितीच्या वरच्या कडेवर असतो, म्हणून कड चुरगळली की चित्र ठीक आणि आवाज गेलेला, असं होतं. इथे नशीब चांगलं. मधली काही मिनिटं घोगरी आहेत, बाकी ऐकू येतं.

बारसं संपतं, पडद्यावर मुंग्या येतात आणि एकदम मराठी बातम्या. निवेदकांचा चेहरा ओळखीचा, पण तेवढ्यावर तारीख कशी लावणार? प्रदीप भिडे यांनी चार दशकांच्या आसपास बातम्या वाचल्या. भक्ती बर्वे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन यांचेही चेहरे वर्षानुवर्षांचे. मग आतल्या मजकुरावरून निघालो.

चित्र रंगीत, म्हणजे १५ ऑगस्ट १९८२ नंतरचं. पंतप्रधान राजीव गांधी, म्हणजे १९८४ ची अखेर ते १९८९. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. त्यांची ही कारकीर्द मार्च १९८६ ते जून १९८८, कारण आधीची सत्तरच्या दशकातली, ती इथे लागू नाही. मग दिल्लीची एक बातमी, तीत अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग. ते जानेवारी १९८७ मध्ये संरक्षण खात्यात गेले. उरले दहा महिने. आणि शेवटी कोकणात मुसळधार पाऊस, रस्ते बंद. म्हणजे १९८६ चा पावसाळा.

आम्ही तिघंही खुर्चीतून उठलो होतो.

बातम्यांनंतर निवेदिका पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगते आणि चित्र जातं. पाटी: 'व्यत्यय'. मागे वाद्यसंगीत. ती पाटी बराच वेळ आहे आणि घरच्यांनी यंत्र बंद केलेलं नाही. मागून एका बाईचा आवाजही येत नाही की "अरे बंद कर" म्हणून, कारण व्हीसीआर अँटेनाचंच मुद्रित करणार, खोलीतलं नाही. तरी आम्ही कान देऊन ऐकत बसलो.

नोंद: 'प्रत्यक्ष', १९८६, जून ते सप्टेंबर. नेमका दिवस मैत्रीण पावसाच्या बातम्यांवरून काढेल.

१४ जुलै

काढला. पण दोन दिवस बसतायत. दोन्ही लिहून ठेवले.

२४ जुलै

१९८२ ते १९८४. हे प्रकरण कुठल्याच स्मरणलेखात नीट येत नाही आणि माझ्या मते केंद्राच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच आहे.

१५ ऑगस्ट १९८२ ला रंग आला आणि राष्ट्रीय कार्यक्रमही आला. रंगाचं कौतुक झालं, एशियाड झालं, लाकडी फळ्यांचे कृष्णधवल संच अडगळीत गेले. ज्यांना रंगीत परवडत नव्हता ते पडद्यापुढे निळ्या-हिरव्या-तांबूस पट्ट्यांची प्लास्टिकची काच लावायचे. वर आकाश, खाली गवत, मध्ये माणसं तांबूस. स्टुडिओतल्या मुलाखतीतही निवेदकाच्या डोक्यावर आकाश. पण त्याच वेळी रात्री साडेआठच्या पुढचा वेळ दिल्लीकडे गेला. मुंबईनं जे मराठीत करायचं ते त्याच्या आत. जेवणं उरकून घर टीव्हीपुढे बसतं ती वेळ गेली.

मग १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये लघुशक्ती ट्रान्समीटर धडाधड उभे राहिले. काही महिने दिवसाला एक असा वेग होता. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, पोच साधारण पंचवीस किलोमीटरच्या आत. तालुक्या-जिल्ह्याच्या गावात गच्च्यांवर अँटेना आल्या. दाखवत काय होते? उपग्रहावरून उतरणारा दिल्लीचा कार्यक्रम. वरळीचं मराठी तिथवर यायला वेगळी वाट लागत होती, ती दशक सरता सरता, प्रादेशिक सेवेला उपग्रहाची जोड मिळाली तेव्हा मिळाली.

म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या मुलानं टीव्हीवर पहिल्यांदा ऐकली ती भाषा हिंदी. 'हम लोग' (७ जुलै १९८४ पासून) त्याला तोंडपाठ आणि मुंबईचा 'ज्ञानदीप' नावानंही माहीत नाही, हे अगदी शक्य होतं. माझ्या एका लातूरकडच्या स्नेह्यांना विचारलं तर म्हणाले, "चिमणराव? ते पुण्याच्या मावसभावाकडून ऐकलं. सुट्टीत तो आला की नक्कल करायचा." तिसऱ्या रकान्यात मी 'नक्कल' अशी खूण वाढवावी का, असं मैत्रिणीनं विचारलं. गमतीत म्हणाली, पण वाढवली.

२ ऑगस्ट

'ज्ञानदीप' वर दिवस गेला. आकाशानंद यांचा कार्यक्रम. नामदेवांच्या 'नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी' मधला. त्याची खरी गंमत पडद्याबाहेर आहे: प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. कार्यक्रम बघायचा, मग त्यावर बोलायचं, मग गल्लीत काहीतरी करायचं. सार्वजनिक वाहिनीनं नेमकं काय करावं यावर मोठमोठे अहवाल लिहिले गेले. इथे पत्रं लिहिणाऱ्या माणसांनी ते करून टाकलं होतं. मंडळांचे हस्तलिखित अंक, इतिवृत्तं, फोटो अजून लोकांच्या माळ्यावर असतील. कार्यक्रमाची टेप नसली तरी हे सापडू शकतं. आवाहन लिहून पाठवलं.

'आमची माती आमची माणसं' याच पंक्तीतला, पण तो अजून चालू आहे, त्यामुळे त्याला स्मरणलेखांत जागा मिळत नाही. जे बंद पडलं नाही त्याची आठवण कोण काढणार? त्याला दोन पानं राखून ठेवली.

११ ऑगस्ट

नव्वदचं दशक एका बैठकीत आटोपलं. सामग्री खूप, नवल कमी. उपग्रहावरची मराठी वाहिनी, डीडी-१० हे रुक्ष नाव, १९९७ मध्ये प्रसार भारती, त्याच सुमारास प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी', रोजची मराठी मालिका. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई-टीव्ही मराठी, या खासगी वाहिन्या. त्याच वर्षी डीडी-१० चं 'सह्याद्री' झालं. ज्या डोंगरानं वरळीचं चित्र अडवलं त्याचंच नाव. हे मी लेखात लिहिणार नाही, फार जुळवल्यासारखं वाटतं.

महत्त्वाचं हे की उपग्रहानं तिसरा रकाना निकालात काढला. आता 'किती लांब' चं उत्तर सगळ्यांसाठी एकच, आणि प्रश्न 'कोण बघतं' असा झाला. २०२१-२२ पर्यंत जमिनीवरचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बहुतेक बंद झाले.

१९ ऑगस्ट

नकाशावर भांडण. मित्राचं म्हणणं, १९८४ चे लघुशक्ती ट्रान्समीटर आपल्या नकाशात नकोत, कारण त्यांच्यावर मुंबईचं काही दिसतच नव्हतं. माझं म्हणणं, म्हणूनच हवेत. कोल्हापूरच्या किंवा परभणीच्या वाचकानं नकाशा उघडला आणि त्याचं गाव कोरं दिसलं तर तो म्हणेल आमच्याकडे टीव्ही होता की. होता, पण मराठी नव्हता, हेच तर दाखवायचंय.

मैत्रिणीनं तोडगा काढला. वरळी १९७२ आणि सिंहगड १९७३ ही भरीव वर्तुळं. १९८४ चे ठिपके पोकळ. मराठी पोचल्याचा पुरावा मिळेल तसा ठिपका भरायचा, शेजारी वर्ष. पुरावा म्हणून वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीतलं कोष्टक चालेल, कॅसेट चालेल, तक्रारीचं पत्र तर उत्तम.

नागपूरपासून सुरुवात करतोय. तिथल्या खंडांसाठी ग्रंथालयाला अर्ज दिला, आरसा सोबत नेण्याची परवानगी वेगळी मागितली आहे.